डिस्क बसवले, हवा काढली, तरी पेडल पुन्हा खाली?

जुन्या फोर-बाय-फोरला पुढे डिस्क ब्रेक बसवले की पुढचे काही आठवडे एकच रड असते. ब्रेकच्या पाइपमधली हवा काढली (ब्लीड केलं) की पेडल वर येतं आणि खडकाळ रस्त्यावर एक फेरी झाली की पुन्हा खाली बसतं. परत हवा काढायची, परत बाटलीभर ब्रेक ऑइल वाया घालवायचं. शेवटी कोणीतरी सांगतं, 'मास्टर सिलेंडर मोठा टाका.' तो (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलेंडर) टाकला की पेडल वर येतं, पण गाडी थांबायला दोन्ही पायांचा जोर लागतो.

बंद सिस्टिममध्ये हवा आपोआप तयार होत नाही. ती शिरायला कुठेतरी वाट लागते. निपलमधून (हवा काढायच्या स्क्रूमधून) बुडबुडे येत नसतील आणि तरीही 'हवा काढल्यावर' पेडल सुधारत असेल, तर सुधारणा वेगळ्याच कारणाने होते: पेडल वीस-तीस वेळा दाबल्यामुळे डिस्कचे पॅड आणि ड्रमचे शू जागेवर सरकतात. ते मागे गेले की पेडलही खाली जातं. तेव्हा निपलला पाना लावण्याआधी पेडल नेमकं कसं वागतंय ते पाहा. बहुतेक दोषांची पेडलवर आपापली खूण असते.

मूळ गाडीत काय होतं

विलीज एमबीसारख्या (दुसऱ्या महायुद्धातली जीप) गाडीला चारही चाकांवर ९ इंची ड्रम, एकच हायड्रॉलिक सर्किट आणि फ्लोअरखाली मास्टर सिलेंडर. जीप सीजेला पुढचे डिस्क १९७७ साली मिळू लागले, लँड रोव्हर वन-टेनला १९८३ मध्ये. त्याआधीच्या गाड्यांचं पेडल, मास्टर आणि पाइप ड्रमचा हिशोब धरून बनलेले आहेत. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे कमी दाबात काम भागतं. डिस्कला ही फुकटची मदत नाही. तिला दाब जास्त लागतो आणि कॅलिपरचे (पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन मोठे असल्याने ऑइलही जास्त लागतं. फक्त डिस्क आणि कॅलिपर बदलून पेडल, मास्टर आणि पाइपची साखळी तशीच ठेवली, की पेडल तक्रार करणारच.

त्यात टायर मोठे झालेले असतात. २८ इंची टायर काढून ३३ इंची घातले तर चाकाची त्रिज्या जवळपास १८ टक्क्यांनी वाढते, म्हणजे तेवढंच थांबायला ब्रेकचा पीळही (टॉर्क) १८ टक्के जास्त हवा. टायरचं वाढलेलं वजन वेगळंच. पुष्कळ गाड्यांत डिस्कने मिळालेला फायदा टायर तिथल्या तिथे खाऊन टाकतात आणि मालक म्हणतो, खर्च करून फरक काय पडला?

आधी पेडल तपासा

इंजिन बंद करा. बूस्टर (व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा डबा) असेल तर पेडल चार-पाच वेळा दाबून त्यातला व्हॅक्यूम संपवा. आता सावकाश दाबा आणि दाबून धरा.

दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर गळती आहे किंवा मास्टरची सील आतल्या आत ऑइल सोडते आहे. बाहेर कुठे ओल नाही, ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही कमी होत नाही, तरी पेडल बसतंय, म्हणजे मास्टरचं किट किंवा सिलेंडरच गेला. बूस्टर असेल तर मास्टर आणि बूस्टर यांच्या सांध्यातही पाहून घ्या. मागच्या सीलमधून गळलेलं ऑइल बूस्टरच्या पोटात साचतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

जुन्या मास्टरवर हवा काढताना पेडल पार तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात पिस्टन जिथे पोहोचत नाही, तिथे गंज आणि गाळ बसलेला असतो. सील त्यावरून गेली की कापली जाते, आणि हवा काढायच्या नादात चांगला मास्टर हातचा जातो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की प्रश्न मिटला.

पहिल्या दाबाला खाली, दुसऱ्या दाबाला वर

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पेडल दुसऱ्या दाबाला वर येतं याचा अर्थ मास्टर एका दमात पुरेसं ऑइल पाठवू शकत नाही, कारण कुठेतरी फट जास्त आहे. ही फट तीन ठिकाणी असू शकते, आणि तिन्ही ठिकाणं वेगळी करायला घड्याळ आणि एक फेरी पुरते.

पेडल दोन-तीनदा दाबून वर आणा. पाय काढा, दहा-पंधरा सेकंद थांबा, पुन्हा दाबा. गाडी जागची हललेली नाही. तरीही पेडल खाली गेलं, तर मागचे ड्रम ढिले आहेत. शूच्या स्प्रिंगा पाय काढताच त्यांना मागे ओढतात, म्हणून हा दोष दर वेळी आणि लगेच दिसतो. खात्री करायची तर हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबा. हँडब्रेक मागच्या शूवर काम करत असेल आणि तो ओढल्यावर पेडल पहिल्याच दाबाला वर येत असेल, तर पुढच्या नव्या डिस्कला हातही लावू नका. मागे जाऊन शू सेट करा. (लँड रोव्हरसारख्या गाड्यांत हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो, तिथे ही चाचणी लागू नाही.) पुढे डिस्क बसवण्याच्या उत्साहात मागच्या ड्रमकडे कोणी बघत नाही आणि पुढच्या कॅलिपरची हवा काढत बसतात, हे फार वेळा घडतं.

दहा-पंधरा सेकंदांनी पेडल चांगलं राहिलं, तर गाडी तशीच उभी ठेवून दहा मिनिटांनी दाबा. आता खाली गेलं, तर ऑइल मागे उतरतंय. फ्लोअरखाली मास्टर असलेल्या गाड्यांची ही खास भानगड. कॅलिपर मास्टरपेक्षा उंच राहतो आणि ऑइल उताराने परत टाकीकडे येतं. यावर उपाय म्हणजे पुढच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा (दाबाचं एकक) रेसिड्युअल व्हॉल्व, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा. २ चाच, १० पीएसआयचा व्हॉल्व ड्रमसाठी असतो. तो डिस्कच्या लाइनवर लावला तर पॅड कायम डिस्कला घासत राहतील.

दहा मिनिटांनीही पेडल जागेवर, पण खडकाळ रस्ता किंवा दोन-चार तीव्र वळणं झाली की पहिला दाब खाली, असं असेल तर डिस्क पॅडना मागे ढकलते आहे. हबच्या बेअरिंगमध्ये प्ले (ढिलाई) असला की चाकाबरोबर डिस्कही तिरकी होते आणि पिस्टन आत लोटले जातात. ड्रम असताना हाच प्ले गुपचूप खपून जायचा, म्हणून मालक शपथेवर सांगतो की बेअरिंग कालपर्यंत ठीक होतं. चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. हललं तर कोणालातरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटचा (ज्या सांध्यांवर चाक वळतं त्यांचा). दुसऱ्या प्रकारचा प्लेही दुरुस्त करायला हवाच, पण पेडलशी त्याचा संबंध नाही.

बेअरिंग घट्ट असूनही पॅड मागे जात असतील तर डिस्क वाकडी फिरते का ते डायल गेजवर बघा. ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक आला की डिस्क काढा आणि हबची बैठक तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. बऱ्याचदा डिस्क सरळच असते; हबवर राहिलेला गंजाचा पापुद्रा किंवा हौसेने मारलेला रंग तिला तिरकं बसवतो. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या फिक्स्ड कॅलिपरला हा त्रास जास्त जाणवतो. सरकत्या कॅलिपरच्या पिना मोकळ्या असतील तर तो थोडंफार सांभाळून घेतो. मागेही डिस्क बसवल्या असतील तर अ‍ॅक्सल शाफ्ट आत-बाहेर किती सरकतो ते तपासा. सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये डिस्क शाफ्टबरोबरच सरकते.

एक मिलिमीटर म्हणजे किती

एवढीशी फट पेडलला कशी कळते, याचा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. सरकत्या कॅलिपरचा पिस्टन ६० मिमी व्यासाचा धरा. त्याचं क्षेत्रफळ साधारण २,८२७ चौरस मिमी. तो १ मिमी जास्त मागे गेला तर भरून काढायला एका चाकाला २.८ घन सेंमी ऑइल हवं, दोन चाकांना ५.६. मास्टर ७/८ इंची, म्हणजे २२.२ मिमी व्यासाचा असेल तर त्याच्या पिस्टनला एवढ्यासाठी १४.६ मिमी सरकावं लागतं. पेडलचं प्रमाण ६ ला १ धरलं तर पायाखाली जवळपास ८८ मिमी! म्हणजे पेडलची निम्म्याहून जास्त चाल पॅड डिस्कला टेकवण्यातच संपली.

आता १ इंची मास्टर टाकला तर हाच आकडा ६७ मिमीवर येतो. पेडल वर आलं, सगळे खूश. पण मास्टरचं क्षेत्रफळ ३० टक्क्यांनी वाढलं, म्हणून त्याच पायाच्या जोराला मिळणारा दाब घटला. पेडलवर ३० किलोचा जोर दिला तर ७/८ इंची मास्टरमधून साधारण ४६ किलो प्रति चौरस सेंमी दाब मिळतो आणि १ इंचीतून ३५. फट होती तिथेच आहे, शिवाय ब्रेकचा जोर कमी झाला. माझं मत स्पष्ट आहे: फट शोधून झाल्याशिवाय मास्टरचा आकार बदलू नये. मोठ्या कॅलिपरला खरोखरच जास्त ऑइल लागत असेल तर मोठा मास्टर योग्यच, पण मग बूस्टरचाही विचार त्याच वेळी करावा.

ड्रमचा जुना मास्टर डिस्कसाठी वापरताना त्याची टाकीही पाहा. पॅड झिजत जातात तसं ऑइल कॅलिपरमध्ये उतरतं, आणि ड्रमसाठी बनलेली छोटी टाकी पॅड अर्धे झिजायच्या आत रिकामी होऊ शकते. मग खरंच हवा शिरते.

पेडल खरोखर स्पंजी असेल तर

कितीही वेळा दाबा, पेडल वर येत नाही किंवा थोडं वर येऊनही दाबल्यावर रबरी चेंडूसारखं लवचिक लागतं, तेव्हा हवेचा संशय रास्त. आधी कॅलिपरच्या निपलकडे बघा. ती सगळ्यात वर असायला हवी. डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झाली की निपल खाली येते, आणि मग कितीही ऑइल वाहू दे, वर अडकलेली हवा तिथेच बसून राहते. बोल्ट दोन्हीकडे सारखेच बसतात, त्यामुळे ही चूक कोणालाही टोचत नाही. दुसऱ्या गाडीचे कॅलिपर ब्रॅकेटवर वेगळ्या कोनात बसवले असतील तरी हेच होतं. अशा वेळी कॅलिपर काढा, निपल वर येईल असा हातात धरा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी घाला आणि तसाच ब्लीड करा.

दुसरी जागा मास्टरचं नाक. उतारावर उभी गाडी, उंच झालेलं सस्पेन्शन किंवा तिरका ब्रॅकेट यामुळे मास्टरचं पुढचं टोक वर राहिलं तर हवा तिथे जमते. मागची बाजू जॅकने उचलून मास्टर सपाट किंवा किंचित पुढे झुकता करा. नवा मास्टर गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच व्हाइसमध्ये धरून, नळ्या परत टाकीत सोडून, बुडबुडे थांबेपर्यंत ब्लीड केला की पुढचे तासच्या तास वाचतात.

हे सगळं करूनही तसंच असेल तर होज (चाकांकडे जाणाऱ्या लवचिक नळ्या) एकेक करून दाबून बघा. गोल जबड्याचा होज क्लॅम्प घ्या, पकड नको, आणि स्टीलची जाळी असलेल्या होजवर हा प्रयोग करू नका. तिन्ही होज (पुढच्या दोन, मागची एक) बंद केल्यावर पेडल दगडासारखं लागलं तर मास्टर आणि स्टीलच्या लाइन ठीक आहेत. आता एकेक सोडा. ज्याला सोडल्यावर पेडल मऊ झालं, दोष त्या चाकाकडे. जुनी रबरी होज दाबाखाली फुगते, तेव्हा दाबताना एक हात होजवर ठेवायला सांगा. फुगणं बोटाला कळतं.

मागचा ड्रम टर्निंग करून मोठा झालेला असेल आणि शू नवे असतील तर हवा नसतानाही पेडल स्पंजी लागतं. शूची गोलाई ड्रमपेक्षा लहान पडते, तो मधेच टेकतो आणि दाबल्यावर वाकतो. लायनरवर खडूची रेघ मारा, ड्रम बसवून ब्रेक किंचित लागलेला ठेवून हाताने फिरवा. खडू फक्त मधूनच पुसला गेला तर उत्तर मिळालं. ड्रमवर छापलेल्या कमाल व्यासाच्या पुढे गेलेला ड्रम सरळ भंगारात टाका.

काही किलोमीटरनंतर ब्रेक जाम

सकाळी गाडी मोकळी निघते, मग जड होत जाते, डिस्कचा वास येतो आणि थंड झाली की पुन्हा मोकळी. पुशरॉड (मास्टरच्या पिस्टनला ढकलणारा पेडलचा दांडा) आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात फट उरलेली नसते. पाय काढल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं आणि गरम होऊन फुगलेल्या ऑइलला परत जायला वाट नसते. फटीचं माप गाडीच्या मॅन्युअलमधलं घ्यावं. बिनबूस्टरच्या पेडलवर साधारण ५ ते १० मिमी मोकळी चाल असली की ठीक.

दोष मास्टरकडे की चाकाकडे, हे गाडी जाम असतानाच ठरवा. मास्टरजवळचा पाइपचा नट किंचित ढिला करा. चाक सुटलं तर पुशरॉड, मास्टर किंवा आतला रेसिड्युअल व्हॉल्व. सुटलं नाही, पण कॅलिपरची निपल उघडल्यावर सुटलं, तर मधली होज आतून सुजली आहे. ऑइल दाबाने पुढे जातं, परत येत नाही. दोन्हींनी सुटलं नाही तर पिस्टन किंवा सरकत्या पिना गंजल्या आहेत. चाकं सुटतील तेव्हा गाडी निसटू नये म्हणून खाली उटी लावल्याशिवाय हे करू नका. ड्रमच्या जुन्या मास्टरमध्ये १० पीएसआयचा व्हॉल्व आउटलेटच्या आत लपलेला असतो. त्या आउटलेटला कॅलिपर जोडले असतील तर तो काढावाच लागतो.

पेडल कडक, गाडी थांबत नाही

मोठ्या मास्टरचं वर आलंच. बूस्टर असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल पंप करा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूम पोहोचत नाही. डिझेल इंजिनाला सहसा थ्रॉटल नसतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये उपयोगी व्हॅक्यूमही नसतो. बूस्टरबरोबर व्हॅक्यूम पंप लागतोच. पेट्रोलच्या गाडीचा बूस्टर डिझेलच्या गाडीवर चढवून 'काहीच फरक नाही' म्हणणारे आहेत.

लांब उतारावर पेडल कडक राहून ब्रेक कमी लागला तर पॅड किंवा लायनर तापून निसरडे झाले. पेडलच मऊ पडलं तर ऑइल उकळलं. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३०° से., पण ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा १५५° इतकीच आहे. नदी-नाल्यांतून जाणाऱ्या गाडीचं ऑइल रंग चांगला दिसतो म्हणून ठेवू नये. डॉट ३, ४ आणि ५.१ एका कुळातले. डॉट ५ सिलिकॉनचा, त्यांच्यात मिसळायचा नाही.

मागची चाकं आधी लॉक होत असतील तर मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व (मागचा दाब मर्यादित ठेवणारा) हवा. उलट, सस्पेन्शन उंच केल्यावर मागचे ब्रेक अचानक निकामी वाटू लागले, तर अ‍ॅक्सलला दांड्याने जोडलेला भारमापक व्हॉल्व आहे का पाहा. गाडी उंच झाल्यावर त्याला वाटतं मागे वजनच नाही, आणि तो दाब कापतो. दांड्याची लांबी जुळवावी लागते. त्याच वेळी अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होज ताणल्या जात नाहीत ना, तेही पाहून घ्या.

काम झाल्यावर पेडल अर्धा मिनिट जोराने दाबून धरा आणि दुसऱ्याला प्रत्येक जोडावर कोरडं फडकं फिरवायला सांगा. बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर जुनेच लावले असतील तर ओल बहुधा तिथेच सापडेल. मग मोकळ्या, सपाट जागेत कमी वेगात चाचणी घ्या, पॅड डिस्कवर घासून नीट जुळू द्या, आणि पहिल्या खडकाळ फेरीनंतर बेअरिंगचा प्ले, शूची फट आणि टाकीतली पातळी पुन्हा तपासा. मागेही डिस्क टाकल्या असतील तर हँडब्रेकची सोय वेगळी करावी लागते. ती होईपर्यंत उतारावर गाडी उभी करून खाली उतरू नका.